चालीचे मापन : ड्यूशेन स्नायुक्षयाच्या बालरुग्णात वैद्याने काय मोजावे?

रुग्णाचे बल अनुमानाने जाणावे आणि त्या अनुमानाचे साधन व्यायामशक्ती हे होय, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. दशविध परीक्षेत व्यायामशक्तीची स्वतंत्र गणना असून ती रुग्णाच्या प्रत्यक्ष कर्मशक्तीवरून पाहावी, असा निर्देश तेथे आढळतो. काश्यपसंहितेत, वर्षभराचे होऊनही जे बालक पायांवर चालत नाही त्याला ‘फक्क’ अशी संज्ञा दिली आहे. त्याचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन भेद सांगून चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा फक्करथही वर्णिला आहे. तात्पर्य, चालणे हा बालकाच्या बलाचा निकष आपल्या शास्त्राला नवा नाही.

तथापि दैनंदिन व्यवहारात केसपेपरवर आपण जी नोंद करतो ती बहुधा ‘चाल सुधारली’, ‘पूर्वीपेक्षा बरे’ अशा शब्दांत असते. सामान्य वातव्याधीत एवढ्यावर निभावते. परंतु ज्या व्याधीत बालकाची चालण्याची शक्ती वर्षागणिक ओसरत जाते, तेथे अशी नोंद रुग्णाला, पालकांना आणि स्वतः वैद्यालाही फसवू शकते. ती कशी फसवते आणि साध्या साधनांनी तिच्या जागी खरे मापन कसे आणता येते, याचा विचार ड्यूशेन स्नायुक्षय या व्याधीच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याधीचा परिचय

फ्रेंच वैद्यक ग्यिओम ड्यूशेन यांनी १८६० च्या दशकात या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. स्नायुपेशींच्या आवरणाला आधार देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या रुग्णांत तयारच होत नाही. या प्रथिनाचा शोध १९८७ मध्ये लागला. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने व्याधी प्रायः मुलग्यांत दिसतो. साधारणतः ३५०० ते ५००० पुरुष जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण आहे. आपल्या परिभाषेत हा बीजभागावयवाच्या दुष्टीने होणारा आदिबलप्रवृत्त व्याधी म्हणता येईल. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत मात्र मातेकडे दोष नसतो, तो नव्यानेच उत्पन्न झालेला असतो.

लक्षणे दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान स्पष्ट होऊ लागतात. मूल उशिरा चालते, वारंवार पडते, जिना चढताना कठड्याचा आधार घेते. पुढे चाल बदकासारखी डुलती होते, कमरेला पुढे बाक येतो आणि टाच जमिनीला टेकेनाशी होते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. ही मांसवृद्धी समजून पालक समाधान मानतात. वस्तुतः तेथे मांसधातूची जागा मेद व तंतुमय ऊतींनी घेतलेली असते. जमिनीवरून उठताना मूल आधी ओणवे होते, मग हात गुडघ्यांवर व मांड्यांवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्याप्रमाणे उभे राहते. हेच विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णिलेले गॉवर्स चिन्ह होय. स्टेरॉइड चिकित्सा न मिळालेली मुले साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणे गमावतात. त्यापुढे श्वसन व हृदय यांचे स्नायू व्याधीच्या कक्षेत येतात.

निदानाविषयी एक गोष्ट येथेच नमूद करणे आवश्यक आहे. एसजीओटी व एसजीपीटी ही द्रव्ये यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात. स्नायुक्षयात ती रक्तात वाढलेली आढळतात आणि अहवाल पाहणारा त्यावरून यकृतविकाराचा ग्रह करून घेतो. माझ्याकडे आलेल्या एका सहा वर्षांच्या मुलास अशाच अहवालावरून दीर्घकाळ आरोग्यवर्धिनी व यकृतावरची पातळ औषधे दिली गेली होती. कावीळ नव्हती, भूक उत्तम होती, परंतु मुलगा जमिनीवरून उठतो कसा हे कोणी पाहिले नव्हते. सीपीके तपासले असता ते प्राकृत मर्यादेच्या कित्येक पट निघाले. दरम्यान त्या मातेला दुसरे अपत्य झालेले होते. वेळेवर निदान झाले असते तर त्या कुटुंबाला आनुवंशिक सल्ला मिळून पुढील निर्णय जाणतेपणाने घेता आला असता. म्हणून पाच वर्षांच्या आतबाहेरील मुलाचे एसजीपीटी वाढलेले आणि जीजीटी प्राकृत असेल, तर औषध लिहिण्यापूर्वी त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगावे आणि सीपीके तपासून घ्यावे.

वयाचा भ्रम

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या व्याधीत क्षय सतत चालू असला तरी मुलाची चाल जन्मापासून सरळ रेषेत खालावत जात नाही. साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलाची उंची वाढते, पाऊल लांब पडू लागते, तोल व हालचालींचा मेळ परिपक्व होतो. या वाढीचा लाभ क्षयाच्या हानीहून अधिक असतो, तोवर मूल पूर्वीपेक्षा वेगाने चालते, अधिक अंतर कापते. पुढे क्षय वाढीवर मात करतो आणि उतार लागतो.

याचा अर्थ असा की पाच वर्षांच्या मुलास आपण बस्ती, अभ्यंग व अश्वगंधादि कल्प सुरू केले आणि सहा महिन्यांनी तो अधिक चांगला चालू लागला, तर ती सुधारणा खरी असते. पण ती औषधाचीच असे म्हणता येत नाही. त्याच सुमारास स्नायुविकारतज्ज्ञाने प्रेडनिसोलोन वा डेफ्लाझाकोर्ट सुरू केले असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण स्टेरॉइडमुळेही पहिल्या काही महिन्यांत बळ वाढलेले दिसते.

हा भ्रम केवळ आपल्याच चिकित्सालयात होतो असे नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये परवाना मिळालेल्या एका जनुकीय चिकित्सेची ‘एम्बार्क’ नावाची मोठी चाचणी चार ते सात वर्षांच्या १२५ मुलांवर झाली. सर्व मुले स्टेरॉइड घेत होती. वर्षाअखेर औषध मिळालेल्या मुलांचे ३४ पैकी गुण सरासरी सुमारे २.६ ने वाढले. परंतु औषधरहित द्रव मिळालेल्या मुलांचेही सुमारे १.९ ने वाढले! दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध ठरला नाही आणि चाचणीचे प्रमुख उद्दिष्ट साध्य झाले नाही. तुलनेसाठी दुसरा गट नसता तर २.६ गुणांची वाढ हा चमत्कार म्हणून गाजला असता. कोट्यवधी रुपयांच्या औषधाबाबत जी दक्षता लागते, ती चूर्ण व तैलाबाबत कमी लागते असे मानण्यास आधार नाही.

चिकित्सालयात करावयाच्या चार मोजण्या

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी, खडू, स्टॉपवॉच आणि सपाट फरशी एवढे पुरते.

१. जमिनीवरून उठण्याचा काळ : मुलाला फरशीवर उताणे निजवावे. ‘ऊठ’ म्हटल्यापासून हात बाजूला सोडून सरळ उभे राहीपर्यंतचे सेकंद मोजावेत. कोणता आधार घेतला, गॉवर्स चिन्ह आहे वा नाही, हेही लिहावे. व्याधीच्या क्रमात प्रथम जमिनीवरून उठणे, मग जिना चढणे आणि शेवटी चालणे सुटत जाते. म्हणून उठण्याचा वाढता काळ हा सर्वांत आधी मिळणारा इशारा होय.

२. दहा मीटर अंतर : खडूने दोन रेघा आखून मुलाला शक्य तितक्या वेगाने, पण सुरक्षितपणे जाण्यास सांगावे. धावता येत असेल तर धावू द्यावे. सुमारे ९ मीटर अंतरास १२ सेकंदांहून अधिक वेळ लागणारी मुले बहुधा वर्षभरात चालणे गमावतात, असे पूर्वीच्या निरीक्षणांत दिसून आले आहे. हा आकडा पालकांना घाबरवण्यासाठी वापरू नये. चाकाची खुर्ची, शाळेतील तळमजल्याचा वर्ग, घरातील शौचालयाची सोय यांची तयारी वेळेवर व्हावी एवढाच त्याचा उपयोग आहे.

३. सहा मिनिटांची चाल : प्रौढांच्या हृदय-फुप्फुस विकारांसाठी प्रचलित असलेली ही चाचणी या मुलांसाठी थोडी बदलून घेतली आहे. दोन शंकूंमध्ये २५ मीटर अंतर ठेवून मुलाने सहा मिनिटांत जितके जमेल तितके फेऱ्या मारत चालावे. धावू नये. मूल कंटाळते, म्हणून सतत प्रोत्साहन द्यावे. एक व्यक्ती मुलाच्या मागोमाग चालत राहावी, म्हणजे पडल्यास सावरता येते. या वयाची निरोगी मुले सहाशे मीटरच्या आसपास चालतात. रुग्ण मुलाचे अंतर ३५० मीटरच्या खाली गेले की पुढील वर्षातील उतार अधिक वेगाचा असतो. सुमारे ३० मीटरहून कमी फरक हा रोजच्या चढउतारात मोडतो. त्यावरून ‘सुधारले’ वा ‘बिघडले’ असे म्हणू नये.

४. नॉर्थ स्टार मूल्यांकन : हे ब्रिटनमधील तज्ज्ञांनी चालणाऱ्या ड्यूशेन रुग्णांसाठी विकसित केले. यात १७ कृती असतात : उभे राहणे, चालणे, खुर्चीतून उठणे, प्रत्येक पायावर एकेकटे उभे राहणे, पायरी चढणे व उतरणे, निजलेल्या स्थितीतून बसणे, जमिनीवरून उठणे, मान उचलणे, टाचांवर उभे राहणे, उडी, लंगडी व धाव. विनासायास व प्राकृत पद्धतीने केल्यास २ गुण, वेगळ्या पद्धतीने पण स्वतः केल्यास १, न जमल्यास ०; एकूण ३४. हे मूल्यांकन प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून करून घेणे श्रेयस्कर. आपण त्याचा अहवाल वाचण्यास शिकावे.

मापनाचे नियम

मापन तुलनेसाठी असते; म्हणून आकड्याइतकीच पद्धत महत्त्वाची आहे. दवाखान्यात पंचवीस मीटरची मोकळी जागा क्वचितच असते. शाळेची पडवी वा देवळाचा सभामंडप चालेल, परंतु एकदा निवडलेली जागा बदलू नये. आखूड जागेत वळणे वाढतात आणि अंतर आपोआप कमी भरते. पादत्राणे प्रत्येक वेळी तीच असावीत. वेळ शक्यतो सकाळची, जेवणानंतर लगेच नको. ज्वर, प्रतिश्याय वा नुकताच प्रवास झाला असल्यास त्या दिवशी मापन करू नये. मोजणारी व्यक्तीही तीच असावी, आणि शक्य असल्यास कोणते औषध केव्हा सुरू झाले हे तिला ठाऊक नसावे. जमिनीवरून उठणे आणि दहा मीटर या मोजण्या दोनतीन वेळा घेऊन सर्वोत्तम आकडा लिहावा. सहा मिनिटांची चाल एका दिवशी एकदाच घ्यावी. प्रत्येक नोंदीत दिनांक, वय वर्षे व महिन्यांत, उंची, वजन आणि चालू असलेली सर्व औषधे मात्रेसह लिहावीत. मापनाचे अंतर चार ते सहा महिने ठेवावे. दर आठवड्याला मोजल्याने मूल वैतागते आणि हाती काही लागत नाही.

घरातील चाल

दवाखान्यातील सहा मिनिटे म्हणजे मुलाचे सारे जीवन नव्हे. त्या दिवशी मूल रुसले असेल, झोप झाली नसेल, तर आकडा चुकतो. यावर उपाय म्हणून घोट्याला बांधावयाचे संवेदक यंत्र युरोपात विकसित झाले आहे. मूल घरी, शाळेत वावरत असताना ते प्रत्येक पावलाचा वेग नोंदवते. त्यांतील सर्वांत वेगवान ५ टक्के पावले ज्या वेगाच्या वर असतात, तो वेग निकष म्हणून धरतात. मूल मनापासून पळते तेव्हाची शक्ती त्यात उमटते. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये या निकषाला औषधचाचण्यांतील दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ मध्ये प्रमुख निकष म्हणून मान्यता दिली.

आपल्याकडे हे यंत्र नसले तरी त्यामागचा विचार घेता येतो. पालकांना वही देऊन आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहायला सांगाव्यात : मूल किती वेळा पडले, जिना आधाराविना चढले का, शाळेत किती चालले, सायंकाळी पोटऱ्या दुखल्या का. मुलाच्या उठण्याचे मोबाइलवरील चित्रीकरण दर सहा महिन्यांनी एकाच कोनातून करून ठेवल्यास ते कोणत्याही शब्दांपेक्षा अधिक बोलते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. ही मापने ज्या व्याधीसाठी ठरली त्याच व्याधीत वापरावीत. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूतील इजा वाढत जाणारी नसते. तेथे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली पाच स्तरांची स्थूल गतिकर्म वर्गीकरण पद्धती वापरतात. रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन घेणाऱ्या मुलाचे पाऊल लोंबू लागले तर तो औषधाने नाड्यांवर झालेला परिणाम असू शकतो. तेथे टाचेवर चालता येते का हे पाहून कर्करोगतज्ज्ञास त्वरित कळवणे हेच पहिले कर्तव्य.

चिकित्सेतील उपयोग आणि पथ्य

मापनाचा पहिला उपयोग म्हणजे अपाय वेळीच लक्षात येणे. व्यायाम अर्धशक्ती करावा हे आपले शास्त्रवचन या मुलांत अक्षरशः पाळावे. बैठका, उड्या व वारंवार जिना उतरणे यांत स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो आणि डिस्ट्रॉफिनविरहित पेशी त्या ताणाने फाटतात. ‘पायांत ताकद यावी’ म्हणून बैठका घालायला लावणे हे येथे अपथ्य होय. उलट, पूर्ण विश्रांतीही घातक आहे. अस्थिभंग वा अन्य कारणाने काही आठवडे अंथरुणात काढलेले मूल पुन्हा उभे राहीलच असे नाही. म्हणून पंचकर्मासाठी दाखल करताना मुलाचे रोजचे चालणे थांबणार नाही असे पाहावे. मृदू अभ्यंग व सुखोष्ण स्वेद यांनी मुलाला आराम वाटतो आणि टाचेचे ताण देण्याचे व्यायाम सुसह्य होतात. एवढा दावा आपण प्रामाणिकपणे करू शकतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचे ते औषध एकाएकी बंद करणे प्राणघातक ठरू शकते, कारण शरीराचे स्वतःचे अधिवृक्क स्राव दबलेले असतात. ‘आयुर्वेद सुरू केले, आता ती गोळी नको’ असे पालक परस्पर ठरवतात; त्यांना स्पष्ट शब्दांत रोखावे. अशा मुलास वमन वा तीक्ष्ण विरेचन देऊ नये. उलटीत त्या दिवसाची मात्रा वाया जाते, आणि द्रव व क्षार यांचा नाश होतो तो वेगळाच.

औषधालयचालकांसाठी

औषधालयचालकांनी ज्येष्ठमधाकडे विशेष लक्ष द्यावे. यष्टिमधूतील ग्लिसिरायझिन शरीरातील स्टेरॉइडचा परिणाम वाढवते, क्षार व पाणी साठवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. पोटॅशियम घटले की स्नायू आणखी दुबळे होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. खोकल्यासाठी यष्टिमधुघटित कल्प मागणाऱ्या पालकास ‘मूल स्टेरॉइड घेते का?’ एवढे विचारल्याने मोठा अनर्थ टळेल. पोटऱ्या मोठ्या, मूल पडते आणि टॉनिक हवे, अशी मागणी आली तर बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. ‘स्नायुक्षय बरा करणारे’ म्हणून येणारे, घटकांची यादी नसलेले कल्प दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो.

पालकांना शासकीय मार्गही सांगावा. स्नायुक्षय हा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत समाविष्ट आहे. दुर्मिळ व्याधींसाठी २०२१ मध्ये केंद्राने राष्ट्रीय धोरण जाहीर केले असून मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. तेथे जाताना आपण ठेवलेला मापनतक्ता सोबत दिल्यास तज्ज्ञांचाही वेळ वाचतो.

उपसंहार

या व्याधीत वैद्याने सुधारणेपेक्षा स्थैर्याकडे अधिक लक्ष द्यावे. पाचव्या वर्षी उठण्याचा काळ सहावरून पाच सेकंदांवर आला तर तो वाढीचा सहज परिणाम असू शकतो. परंतु नवव्या वर्षी, उतार अपेक्षित असताना, सहा मिनिटांचे अंतर वर्षभर टिकून राहिले तर ती नोंद विचारात घेण्याजोगी आहे. तरीही एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, कारण प्रत्येक मुलाचा उतार निराळ्या गतीचा असतो. एकाच पद्धतीने मोजलेले, स्टेरॉइडची नोंद असलेले अनेक तक्ते एकत्र आले, तरच आपल्या चिकित्सेने किती फरक पडला याविषयी काही म्हणता येईल. मग ते उत्तर अनुकूल असो वा प्रतिकूल. असे तक्ते ठेवण्यास प्रत्येक वैद्याने आपल्या पुढच्याच रुग्णापासून आरंभ करावा. लागणारा खर्च एका खडूचा आहे.

दरम्यान त्या मुलाचे आईवडील प्रत्येक भेटीत एकच विचारतात : ‘अजून किती दिवस चालेल?’ अचूक उत्तर कोणाकडेच नाही. परंतु मोजलेल्या आकड्यांच्या आधारे आपण त्यांना खोटी आशा न दाखवता पुढच्या वर्षाची तयारी सांगू शकतो, आणि आज जे चालणे शिल्लक आहे ते कशाने बिघडते हेही. दुर्धर व्याधीत एवढे साधले तरी वैद्याचे कर्म सफल होते.